पंखाखालचं कुंकू

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली माझ्या भाच्याच्या, धनराजच्या मनात आलं, की नाशिकच्या द्वारका भागात त्यांची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, त्या चौकाला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं. नुसतं नाव नाही, नावाआधी ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्दही हवा होता. धनराज तिथल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. ओळखीपाळखी होत्या, पाटीची जागासुद्धा ठरली होती. अडलं होतं एका कागदापाशी. देवरामदादाला इंग्रजांनी तुरुंगात का टाकलं, हे डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी जिवंत माणूस हवं होतं. दादा जाऊन सोळा वर्षं झाली होती. उरले होते मी, त्याची धाकटी बहीण.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी धनराज इंदिरानगरला आमच्या घरी, म्हणजे मी माझ्या मुलाकडे राहते तिथे, आला. हातात टाइप केलेला कागद होता.

“आत्या, वाचून दाखवतो. तू फक्त खाली सही कर.”

“मला वाचता येतं. तो चष्मा दे.”

“अगं, बारीक अक्षर आहे.”

“तुझ्या बापानं निम्म्या नाशिकच्या पाट्या रंगवल्या, आणि तू मला अक्षराचं सांगतोस?”

कागदावर लिहिलं होतं : ‘माझे बंधू कै. देवराम हे सन १९४३ मध्ये देवळालीजवळच्या लष्करी विमानतळावर रंगारी म्हणून कामास होते. इंग्रज विमानांवरील लाल खूण पुसण्याचा हुकूम त्यांनी देशप्रेमापोटी जाणूनबुजून मोडला. याबद्दल त्यांनी हसतमुखाने कारावास भोगला. हे मी समक्ष पाहिले आहे.’

“हसतमुखाने कुणी सांगितलं तुला?”

“ती लिहायची पद्धत असते, आत्या.”

“आणि समक्ष मी काय पाहिलं?”

“बाबांना धरून नेलं ते पाहिलंस ना? झालं तर.” त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. “आईनं मला लहानपणापासून हेच सांगितलंय. बाबांनी विमानावरचा लाल पुसला नाही, म्हणून ते आत गेले. खोटं आहे का हे?”

खोटं नव्हतं. अडचण तीच होती.

“मला आठ दिवस दे,” मी म्हणाले.

“सहीला आठ दिवस? आत्या, पंधरा ऑगस्टला मंत्री आले नाहीत तरी चालेल, पण तू आली पाहिजेस.” असं हसत म्हणून तो कागद ठेवून गेला.

माझी आठवण चांगली, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, बारशाला कोण आलं नव्हतं, हे मला विचारतात. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. तिथल्या वसाहतीतल्या बायकासुद्धा मुलांच्या जन्मवेळा मला विचारायला यायच्या. मला स्वतःलाही या आठवणीचा थोडा गर्व होता. म्हणून त्रेचाळीस सालची संक्रांत मला कशी आठवते ते आधी सांगते.

आम्ही तेव्हा देवळालीगावात राहत होतो. मी बारा वर्षांची. दादा चोवीसचा, आणि वहिनी, फुलाबाई, सतरा वर्षांची. दादा रंगारी. टांग्यांच्या पाट्या, दुकानांची नावं, पोळ्याला बैलांची शिंगं, असं काही ना काही चालू असायचं. युद्ध सुरू झालं आणि छावणीपलीकडच्या माळावर विमानं उतरू लागली. तिथे ब्रश धरता येणारा माणूस हवा होता. दादा लागला.

संध्याकाळी अंगणात कोळशानं तो आम्हाला विमान काढून दाखवायचा. विमानाच्या पंखांवर, पंखांखाली आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना गोल चकत्या असत. मधे लाल, त्याभोवती पांढरा, मग निळा, आणि अंगावरच्या चकतीला बाहेरून पिवळं कडं. शेपटीला त्याच रंगांचा उभा पट्टा. विमानाच्या पत्र्यात खिळा ठोकता येत नाही, म्हणून भिकन नावाचा मिस्त्री दोरीचं टोक अंगठ्यानं मध्यावर दाबून धरायचा आणि दादा दुसऱ्या टोकाला खडू बांधून गोल फिरायचा. “भिकनच्या अंगठ्यावर इंग्रजांचं राज्य फिरतं,” असं तो म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

बेचाळीसच्या शेवटी हुकूम आला, की सगळ्या चकत्यांमधला लाल पांढऱ्यानं झाकायचा. कारण दादानंच सांगितलं. तिकडे ब्रह्मदेशाच्या बाजूला जपान्यांची विमानं होती, त्यांच्यावर नुसता लाल गोळा असे. खाली तोफेवर बसलेल्या माणसाला पंखाखाली लाल दिसला की तो तोफ डागायचा. मग ते विमान आपलं का असेना.

तर दादा दिवसभर लाल झाकत बसायचा. काम कटकटीचं होतं. लाल रंग पांढऱ्याखालून गुलाबी होऊन वर येतो, एका हातानं भागत नाही, तीन हात मारावे लागतात. पण गावाला त्याचं काय? गोल कपाळासारखी चकती, तिच्या मधोमध लाल. सगळे त्याला पहिल्यापासून कुंकूच म्हणायचे. आता बायका नळावर म्हणू लागल्या, “देवराम पेंटर कुंकवं पुसतो.” माळावरून उडणाऱ्या पांढऱ्या चकतीच्या विमानांना ‘रांडाव विमानं’ असं नाव पडलं.

वहिनीला ते फार लागलं. तिची थोरली बहीण त्याच दिवाळीत विधवा झाली होती. दादा कामावरून आला की वहिनी दारातच तांब्या घेऊन उभी राहायची. हात घासून धुतल्याशिवाय तिनं त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. दादा चेष्टा करायचा, “अगं, ते लोखंड आहे. त्याला नवरा नसतो.” ती हसायची नाही.

संक्रांत आली. वहिनीचं लग्नानंतरचं दुसरंच हळदीकुंकू होतं. दुपारी तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि दादासाठी निरोप दिला. मी माळावर गेले. आत सोडत नसत, तारेच्या कुंपणापाशी बोलावं लागे. दादा एका विमानाच्या पंखाखाली उताणा पडून रंगवत होता. वरच्या चकत्या झाल्या होत्या, बाजूच्या झाल्या होत्या, पंखाखालच्या दोन तेवढ्या बाकी होत्या. तो उठून तारेपाशी आला. पहारेकरी माझ्यावर ओरडत होता, “बोल आणि नीघ.” मी घाईनं म्हणाले, “वहिनी म्हणती, आज कुंकू पुसून घरी येऊ नको.”

दादानं तारेतून फडकं घेतलं. मग म्हणाला, “बरं. सांग तिला, नाय पुसत आज.”

त्या दोन चकत्या त्यानं दुसऱ्या दिवसावर ठेवल्या. पण दुपार टळायच्या आत ते विमान तातडीनं मागवलं गेलं. काम झालं की नाही हे बघायचं काम एका गोऱ्या साहेबाचं होतं. त्यानं वाकून पंखाखाली पाहिलं नाही आणि सही करून टाकली. पंखाखाली दोन लाल घेऊन विमान पूर्वेकडे गेलं.

दोन महिन्यांनी दादाला धरून नेलं. नऊ महिन्यांनी सोडलं. आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. तो पुन्हा पाट्या रंगवू लागला, पण पहिल्यासारखी सरळ रेघ आली नाही कधी. काय झालं होतं ते त्यानं घरात सांगितलं नाही. लाल पुसला नाही, एवढंच. पुढे स्वातंत्र्य आलं, आणि गावानं त्या वाक्याचा अर्थ आपला आपण लावून घेतला. वहिनीनंही तोच लावला. तिच्या तोंडून दादाचं कौतुक ऐकताना दादा उठून बाहेर जायचा. सगळे म्हणायचे, किती निगर्वी माणूस.

एक्याऐंशी साली दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, त्यानं मला जवळ बोलावलं. चौकशी करणारा साहेब त्याला म्हणाला होता, की ते विमान आपल्याच तोफेनं पाडलं आणि त्यात दोन माणसं मेली. दादानं विचारलं, गोरी होती की आपली? त्यावर साहेबानं त्याच्या तोंडात मारली. उत्तर दिलं नाही. दादाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“फुलीला सांगू नको,” तो म्हणाला. “तिच्या बोलण्यापायी झालं, हे तिला कळायला नको. दुसऱ्यांचं कुंकू आपण पुसलं, असं घेऊन बसंल ती.” त्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घेतली माझ्याकडून.

सोळा वर्षं मी ती पाळली. आणि खरं सांगायचं तर, मला त्यात थोडं मोठेपणही वाटायचं. वहिनी कुणाला काही सुनवायला लागली, की मनात यायचं, बाई गं, तुझं काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि मी गप्प आहे.

आता धनराजचा कागद आला. सही करावी, तर मेलेल्या दोन माणसांवर चौक उभा करायचा. न करावी, तर का ते सांगावं लागणार, आणि शपथ मोडणार. आठव्या दिवशी मी ठरवलं, की धनराजला एकट्याला खरं सांगायचं, तो काय ते समजून घेईल, वहिनीपर्यंत जाणार नाही. रिक्षा करून द्वारकेला गेले.

धनराज घरी नव्हता. त्याची बायको मीना चहा टाकायला गेली. वहिनी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. एकाहत्तरची झाली होती, गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

“या, सुलाबाई. सही आनली का? का पेन संपलं इंदिरानगरात?”

“आणते गं. घाई काय आहे?”

“घाई मला हाय. पाटी बघून जाईन म्हनते.” मग तिनं आवाज खाली आणला. “धनराज म्हनला, आत्या काहीतरी लपवती. तुमच्या भावाचं काय हाय? दुसरी बाई होती का तिकडं?”

मला हसू आलं. “दादाला? त्याला एक झेपत नव्हती.”

“मग काय? या वयात मला कशाची भीती दाखवता?”

मी पुष्कळ टाळलं. ती माझ्या हाताला धरून बसली होती, सोडेना. शेवटी मी सांगून टाकलं. दोन माणसांचं सांगितलं, साहेबाच्या थपडेचं सांगितलं. आणि म्हणाले, “वहिनी, तुझा काही दोष नाही. सतरा वर्षांची होतीस. तू निरोप धाडलास, आज कुंकू पुसून घरी येऊ नको म्हणून, आणि दादानं तो पाळला. एवढंच.”

वहिनीनं माझा हात सोडला.

“असं मी कधी म्हनले?”

“त्या संक्रांतीला. भाकरी दिलीस तेव्हा.”

“मी असं नाय म्हनले.” ती अगदी शांतपणे बोलत होती. “मी म्हनले, त्यांना सांगा, आज कुंकू पुसलेल्या हातानं घरात येऊ नका. आडावर हात धुऊन या. बाया बसलेल्या असतील, मला तांब्या घेऊन दारात यायला जमायचं नाय. तेवढंच म्हनले. मी त्यांना काम सोडा कशाला म्हनंन? सरकारचं काम ते. मला काय कळत नव्हतं का?”

मीना चहा घेऊन आली, ठेवून गेली. मी कप हातात घेतला नाही.

हात. मधला तो एक शब्द. पहारेकरी ओरडत होता, मी घाबरले होते, आणि ‘पुसलेल्या हातानं’चं ‘पुसून’ झालं होतं. मी पुन्हा पुन्हा त्या दुपारी जाऊन पाहिलं. फडक्याची गाठ आठवली, तारेला अडकलेला माझा परकर आठवला, दादाच्या भुवईवरचा पांढरा थेंब आठवला. माझा स्वतःचा आवाज आठवला. वहिनी काय म्हणाली, ते मात्र आठवेना. तिचं म्हणून जे वाक्य मी चोपन्न वर्षं धरून बसले होते, ते माझंच होतं.

“तुम्ही लहान होता,” वहिनी म्हणाली.

“तूसुद्धा लहान होतीस. तरी मनातून दोष मी तुलाच देत आले.”

तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग तिनं विचारलं, “त्या दोघांना बायका होत्या का?”

“माहीत नाही, वहिनी. दादालाही माहीत नव्हतं.”

“हे मला सांगत नव्हते.” तिनं पदर तोंडाला लावला. “अडतीस वर्षं शेजारी निजले, आन् मनात मला धरून बसले. मी केलं म्हनून. आन् मी लोकांना सांगत फिरले, माझा नवरा वाघ.” मग अचानक माझ्यावर खेकसली, “मरायच्या आधी मला विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं की मी! एका शब्दात सुटलं असतं!”

ते खरं होतं. दादानं तिला विचारलं असतं, किंवा ती शपथ घेण्याऐवजी मीच तिला विचारलं असतं, तर दादा हलक्या मनानं गेला असता. दोषी मीच निघाले असते, पण त्यानं बारा वर्षांच्या मला माफ केलं असतं. आम्ही तिघं एकमेकांना जपत राहिलो आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

धनराज आला तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता. मधे फक्त एकदा म्हणाला, “आत्या, हळू बोल, दार उघडं आहे.”

ऐकून झाल्यावर म्हणाला, “बरं. पण लाल राहिला हे तर खरं ना? तुरुंग खरा ना? बोटं मोडली ती खरी ना? मग ‘जाणूनबुजून’ तेवढं काढून टाकतो.”

“आणि ती दोन माणसं?”

“इंग्रजच असणार.”

“आपली असली तर?”

“कोण विचारायला येतंय, आत्या? पन्नास वर्षं झाली!”

“लिहा तुम्ही,” वहिनी मधेच म्हणाली. तिला वाटलं, स्वतःचं नाव घालावं लागेल म्हणून मी लिहायला कचरते आहे. “सुलाबाई, लिहा, निरोप मीच तसा धाडला म्हनून. माझं नाव घाला. माझं काय राहिलंय आता? तुम्हाला लेकाच्या घरी मान वर करून राहायचंय.”

मी धनराजचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं, ‘देवराम यांनी पंखाखालचा लाल रंग माझ्या चुकीच्या निरोपामुळे ठेवला. निरोप मी नेला होता. त्यात दोन माणसे गेली. ती कोण, हे आम्हाला ठाऊक नाही.’ खाली सही केली. अक्षर नीट वाचता येत होतं.

धनराजनं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली. “हे व्यासपीठावर कसं वाचू मी?” एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. पाटी झाली नाही. पंधरा ऑगस्टला त्या चौकात मंडळानं झेंडा लावला, पेढे वाटले. मला बोलावणं आलं नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

वहिनीकडे मात्र मी दर सोमवारी जात राहिले. दोनेक वर्षांनी तिची आठवण जाऊ लागली. आधी नातवंडांची नावं गेली, मग मीनाचं नाव. मला ओळखायची. आणि एवढं सगळं जाऊन तिच्याजवळ राहिलं काय, तर ती दोन माणसं. कशी कोण जाणे, पण ती आपल्या घरातली, बाहेरगावी गेलेली माणसं असावीत असं तिला वाटू लागलं. जेवायला बसली की त्यांच्यासाठी थांबायची. मीना बिचारी सांगायची, “येतील, आई, तुम्ही जेवा.”

दोन हजार एक साली, पावसाळा संपता संपता, मी गेले होते. धनराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बऱ्याच दिवसांनी आम्ही एका खोलीत होतो. वहिनीनं माझा हात धरला.

“सुलाबाई, ते दोघं पोचले का हो घरी?”

धनराज तिच्या मागून मला मान हलवून खुणावत होता. हो म्हण. तेवढं हो म्हण. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“नाही, वहिनी,” मी म्हणाले. “नाही पोचले.”

वहिनीनं माझा हात सोडला नाही. ती रडायला लागली, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. मीनानं तिला जवळ घेतलं.

बाहेर आल्यावर धनराज म्हणाला, “काय गेलं असतं आत्या तुझं, हो म्हणायला?”

तो म्हणत होता ते बरोबरच होतं, माझं काहीच गेलं नसतं. मी चपला घातल्या. त्यानंच खाली येऊन रिक्षा थांबवून दिली.

पुढच्या सोमवारी मी गेले, तेव्हा वहिनीनं पुन्हा तेच विचारलं.